मासिक पाळीपूर्व भावावस्था आणि इस्लामी परंपरा : एक विवेचन

प्रस्तावना

मासिक पाळीसंबंधी धर्मांनी काय सांगितले याची चर्चा आपल्याकडे बहुधा ‘विटाळ’ या एकाच शब्दाभोवती फिरत राहते. स्पर्श, स्वयंपाक, पूजाअर्चा आणि प्रार्थनास्थळातील प्रवेश हे त्या चर्चेचे ठरलेले विषय होत. पाळी सुरू होण्यापूर्वीच्या आठवड्यात अनेक स्त्रियांच्या मनाची जी उलघाल होते, तिच्याकडे धर्मचिंतनाच्या अंगाने क्वचितच पाहिले गेले आहे. कारणावाचून डोळे भरून येणे, क्षुल्लक गोष्टीवरून संताप अनावर होणे, आपण कोणालाच नकोसे आहोत असे वाटणे आणि स्राव सुरू होताच एक-दोन दिवसांत हे सारे ओसरणे, हा अनुभव जातधर्म पाहून येत नाही. त्याचा अर्थ लावण्याची भाषा मात्र स्त्री ज्या घरात वाढते त्या घराकडून तिला मिळते. मुस्लिम स्त्रीपर्यंत ती कुरआन, हदीस, फिकह म्हणजे धर्मविधिशास्त्र, आणि युनानी वैद्यक अशा चार वाटांनी पोहोचते.

अलीकडच्या काळात प्रवचनांतून आणि स्त्रियांसाठीच्या पुस्तिकांतून पाळीपूर्व दिवसांचे ‘इस्लामी उपाय’ सांगितले जातात. जिक्र करावा, सबर राखावा, राग आल्यास वजू करावा, जवाची तलबीना घ्यावी, अशी ती यादी असते. ही यादी चुकीची नाही. परंतु एखाद्या प्राचीन ग्रंथात ती याच शीर्षकाखाली तयार होती, असा जो समज त्यातून निर्माण होतो तो तपासून पाहण्याजोगा आहे. फिकहच्या प्रमाणग्रंथांत हैज म्हणजे ऋतुस्राव या विषयावर स्वतंत्र प्रकरणे आहेत. स्रावापूर्वीच्या मनःस्थितीवर तसे प्रकरण आढळत नाही. परंपरा येथे मौन का बाळगते आणि तरीही तिच्यात या अवस्थेसाठी उपयोगी पडेल असे काय आहे, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

वैद्यकाची परिभाषा

रॉबर्ट फ्रँक या अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञाने 1931 साली पाळीपूर्व तणावाचे वर्णन वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केले. पुढे 1953 साली ब्रिटनमधील रेमंड ग्रीन आणि कॅथरिना डाल्टन यांनी ‘प्रीमेन्स्ट्रुअल सिंड्रोम’ ही संज्ञा रूढ केली. यातील अतितीव्र प्रकारास, म्हणजे ज्यात नोकरी, अभ्यास वा कौटुंबिक नाती विस्कळीत होतात अशा अवस्थेस, अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या 2013 सालच्या वर्गीकरणात नैराश्यविकारांमध्ये स्वतंत्र स्थान मिळाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या अकराव्या रोगवर्गीकरणातही त्याचा समावेश आहे. पाठ्यपुस्तके या तीव्र विकाराचे प्रमाण पाळी येणाऱ्या स्त्रियांत शेकडा 3 ते 8 असे देतात. रोजच्या नोंदींवरून काटेकोर निदान केले की ते याहून कमी भरते. सौम्य स्वरूपाचा त्रास मात्र फार मोठ्या संख्येने स्त्रियांना होतो.

कारणमीमांसेतील एक मुद्दा येथे महत्त्वाचा आहे. बीजोत्सर्गानंतर प्रोजेस्टेरॉनची पातळी वाढते आणि पाळीच्या तोंडावर ती झपाट्याने उतरते. ज्या स्त्रियांना तीव्र त्रास होतो त्यांच्यात ही पातळी इतरांपेक्षा निराळी असते असे नाही. त्याच चढउताराला त्यांचा मेंदू अधिक संवेदनशीलतेने प्रतिसाद देतो, आणि सेरोटोनिन या मज्जारसायनाचा त्यात वाटा असतो. याचा अर्थ असा की, दोन बहिणी एकाच घरात, एकाच संस्कारांत वाढूनही एकीला हा त्रास होतो आणि दुसरीला होत नाही. त्यामुळे तो स्वभावदोष किंवा श्रद्धेची उणीव ठरवता येत नाही. निदानासाठी किमान दोन पाळीचक्रांची दररोज नोंद ठेवावी लागते. केवळ आठवणीवर विसंबल्यास दिवसांचा मेळ चुकतो.

तुहरचे दिवस

कुरआनच्या दुसऱ्या अध्यायातील 222 वी आयत हैजविषयी आहे. त्यात ऋतुस्रावाला ‘अजा’ असा शब्द आला असून त्याचा अर्थ त्रास, पीडा किंवा उपद्रव असा केला जातो. या काळात शरीरसंबंध टाळावा, एवढाच आदेश तेथे पतीला उद्देशून आहे. मदीनेतील काही ज्यू कुटुंबांत पाळीच्या दिवसांत स्त्रीला वेगळे ठेवण्याची, तिच्यासोबत न जेवण्याची रीत होती, तिच्या संदर्भात अनुयायांनी प्रश्न विचारला असता ही आयत अवतरली, आणि संबंधाखेरीज सर्व सहजीवन पूर्ववत राहावे असे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी स्पष्ट केले, असे हजरत अनस यांच्या हदीसमध्ये आहे. महाराष्ट्रातील ‘बाजूला बसण्या’च्या रूढीशी परिचित असलेल्या वाचकास हा संदर्भ पटकन उमगेल. अर्थात ग्रंथ आणि घर यांत अंतर असते, हे मुस्लिम समाजालाही लागू आहे.

या मूळ आदेशावरून विधिशास्त्रज्ञांनी जी बांधणी केली ती दिवसांच्या हिशेबावर उभी आहे. स्त्रीची अवस्था चारपैकी एक असते : हैज म्हणजे ऋतुस्राव, निफास म्हणजे प्रसूतीनंतरचा स्राव, इस्तिहाजा म्हणजे विकारजन्य रक्तस्राव आणि तुहर म्हणजे शुद्धीचा काळ. हनफी मतानुसार हैजची किमान मुदत तीन दिवस आणि कमाल मुदत दहा दिवस. शाफई मतानुसार किमान एक दिवस-रात्र आणि कमाल पंधरा दिवस. दोन पाळ्यांमधील तुहर किमान पंधरा दिवसांचा असावा, हे दोन्ही पंथांना मान्य आहे. दख्खनमधील बहुसंख्य सुन्नी मुस्लिम हनफी, तर कोकणी मुस्लिम प्रामुख्याने शाफई असल्याने महाराष्ट्रातच हे दोन्ही हिशेब शेजारी-शेजारी नांदतात. हैजमध्ये नमाज माफ असते आणि ती नंतर भरून काढावी लागत नाही. रोजे मात्र नंतर पूर्ण करावे लागतात.

या चौकटीत पाळीपूर्व आठवडा कोठे बसतो? तो तुहरमध्ये बसतो. विधिशास्त्राच्या दृष्टीने ते दिवस महिन्यातील इतर कोणत्याही दिवसासारखेच होत. पाच वेळची नमाज अनिवार्य, रमजान असल्यास रोजा अनिवार्य, व्यवहार आणि शब्द पूर्णतः बंधनकारक. मौनाचे कारण हेच आहे. फिकह ज्या प्रश्नाचे उत्तर देते तो ‘आज नमाज आहे की नाही’ हा प्रश्न असतो. त्याचे उत्तर या दिवसांत निःसंदिग्ध असल्यामुळे शास्त्रकारांना तेथे थांबण्याचे प्रयोजन पडले नाही.

या मौनाचे परिणाम दोन्ही बाजूंनी होतात. सवलत मिळत नाही, ही एक बाजू. मन सर्वाधिक जड असते तेव्हा कर्तव्ये पूर्ण असतात, आणि स्राव सुरू होऊन मन हलके होऊ लागते तेव्हा नमाज माफ होते. पण दुसरी बाजू तितकीच दखलपात्र आहे. या दिवसांतील स्त्रीच्या विवेकावर शास्त्राने कोणताही शिक्का मारलेला नाही. हनफी उसूलच्या ग्रंथांत व्यक्तीच्या विधिपात्रतेवर परिणाम करणाऱ्या नैसर्गिक अवस्थांची एक गणना येते. तीत बालपण, वेड, निद्रा, मूर्च्छा, आजार यांच्यासोबत हैज आणि निफास यांचाही उल्लेख आहे. परंतु लगोलग असा खुलासा केलेला असतो की या दोहोंमुळे पात्रता मुळीच कमी होत नाही, केवळ शुद्धी ही नमाज-रोजाची अट पूर्ण होत नाही. प्रत्यक्ष स्रावातही पात्रता अबाधित, मग स्रावापूर्वीच्या दिवसांविषयी शंका घेण्याचे कारणच उरत नाही. त्यामुळे ‘त्या दिवसांत तिचे बोलणे मनावर घेऊ नये’ अशा घरगुती शेऱ्याला शास्त्राचा आधार मिळत नाही.

स्त्रिया ‘बुद्धी आणि धर्म यांत उण्या’ असल्याची एक हदीस या संदर्भात हमखास पुढे केली जाते. ती सहीह बुखारीत आहे, हे खरे. मात्र तेथे दिलेले स्पष्टीकरण साक्षीच्या नियमाशी आणि हैजकाळातील नमाज-रोजाच्या माफीशी निगडित आहे. मनाच्या चंचलतेचा त्यात उल्लेख नाही. वक्ते जेव्हा ती पाळीपूर्व चिडचिडीला जोडतात, तेव्हा तो जोड त्यांच्या पदरचा असतो.

अश्रू आणि फुटलेले ताट

विधिशास्त्र जेथे बोलत नाही तेथे प्रेषितांच्या कौटुंबिक जीवनातील प्रसंग बोलतात, आणि या विषयाचा खरा गाभा तेथेच आहे. इ.स. 632 मधील अखेरच्या हजयात्रेत मक्केजवळ सरिफ या ठिकाणी हजरत आयशा यांना पाळी आली. तवाफ करता येणार नाही या जाणिवेने त्या रडू लागल्या. प्रेषितांनी रडण्याचे कारण विचारले, पाळी आली का असे थेट विचारले, आणि ही गोष्ट अल्लाहने आदमच्या कन्यांसाठी लिहून ठेवलेली आहे असे सांगून, तवाफ वगळता बाकी सर्व विधी कर असे सुचवले. पुढे आपला उमरा राहून गेल्याची त्यांची खंत कायम राहिली, तेव्हा त्यांचे बंधू अब्दुर्रहमान यांच्यासोबत त्यांना तनईमला पाठवून तो पूर्ण करविण्यात आला. हा क्रम पाहण्यासारखा आहे. आधी विचारपूस, मग ही स्थिती तिची एकटीची नाही याची जाणीव, मग जे करता येईल त्याची आठवण आणि शेवटी जे हुकले त्याची भरपाई. ‘रडू नकोस’ हा उपदेश त्यात नाही.

हजरत उम्मे सलमा यांचा प्रसंग याहून साधा आहे. एकाच पांघरुणाखाली असताना पाळी आल्याचे जाणवून त्या हळूच उठून गेल्या, वस्त्रे बदलून आल्या, आणि प्रेषितांनी त्यांना पुन्हा त्याच पांघरुणात बोलावले. हजरत आयशा पाळीत असताना त्यांच्या मांडीवर डोके ठेवून प्रेषित कुरआन पठण करीत, ही नोंदही प्रसिद्ध आहे. हे प्रसंग स्रावकाळातील आहेत, स्रावापूर्वीचे नव्हेत, हे विसरता कामा नये. तरीही स्त्रीच्या शारीरिक चक्राबद्दल घरातील पुरुषाला माहिती असणे आणि त्याने ती संकोचाविना विचारणे, ही वहिवाट त्यांतून सिद्ध होते.

पाळीशी संबंध नसलेले, पण भावनांच्या हाताळणीसाठी अधिक बोलके असे आणखी दोन प्रसंग आहेत. तू माझ्यावर प्रसन्न आहेस की रुष्ट, हे मला कळते, असे प्रेषितांनी एकदा हजरत आयशा यांना सांगितले. त्या प्रसन्न असता मुहम्मदच्या पालनकर्त्याची शपथ घेत आणि रागात असता इब्राहीमच्या पालनकर्त्याची. आयशा यांनी ते मान्य केले, वर रागात आपण केवळ नावच टाळतो असेही सांगितले. पत्नीच्या बोलण्यातील एका शब्दाच्या फरकावरून तिची मनःस्थिती ओळखणारा पती, आणि ती ओळखल्याचे तक्रारीविना सांगणे, असे हे चित्र आहे. दुसरा प्रसंग फुटलेल्या ताटाचा. पाहुणे घरात असताना दुसऱ्या पत्नीने अन्नाचे ताट पाठवले. जिच्या घरी प्रेषित होते तिने असूयेने सेवकाच्या हातावर फटका मारला, ताट फुटले. प्रेषितांनी तुकडे आणि सांडलेले अन्न गोळा केले, तुमच्या मातेला मत्सर वाटला एवढेच पाहुण्यांना सांगितले आणि फुटलेल्या ताटाच्या बदल्यात त्या घरातील अखंड ताट परत पाठवले.

या शेवटच्या तपशिलाकडे प्रवचनांत सहसा दुर्लक्ष होते. भावना समजून घेण्यात आली, चारचौघांत अपमान झाला नाही. पण ताटाची भरपाई झाली, आणि तीही जिने ते फोडले तिच्या घरातून. पाळीपूर्व दिवसांतील संतापाबाबत आधुनिक समुपदेशक जो भेद करतात, म्हणजे भावना उद्भवणे हा दोष नव्हे, परंतु तिच्या भरात झालेल्या हानीची जबाबदारी राहते, तो येथे एका घरगुती प्रसंगात जसाच्या तसा दिसतो. ‘हार्मोन्समुळे झाले’ म्हणून हात झटकणे आणि ‘नाटके करते’ म्हणून हिणवणे, या दोन्ही टोकांना हा प्रसंग एकाच वेळी नाकारतो.

पतीच्या जबाबदारीची विधिशास्त्रातही एक स्पष्ट खूण आहे. हजरत अब्दुल्ला इब्न उमर यांनी पत्नीला पाळीच्या काळात तलाक दिला, तेव्हा प्रेषितांनी तिला परत घेण्यास आणि नंतरच्या शुद्धिकाळापर्यंत थांबण्यास सांगितले. त्यावरून हैजमधील तलाक निषिद्ध मानला गेला. तिची इद्दत लांबू नये हे त्याचे मुख्य कारण शास्त्रकार देतात. पण घाईने संबंध तोडण्यावर त्यातून काही दिवसांचा आपोआप बांध पडतो, हेही तितकेच खरे. पाळीपूर्व दिवस तुहरमध्ये मोडत असल्याने हा बांध त्यांना लागू होत नाही. भारतात सर्वोच्च न्यायालयाच्या 2017 च्या निर्णयानंतर आणि 2019 च्या कायद्यानंतर तत्काळ तिहेरी तलाकला वैधता उरलेली नाही. क्षणिक भांडणातून कायमचे तुटणे टाळण्याची निकड मात्र त्याआधीही तेवढीच होती.

क्रोधाची शिस्त

रागाविषयी हदीस-वाङ्मयात जे मार्गदर्शन आहे ते स्त्री-पुरुष असा भेद न करता दिलेले आहे. कुस्तीत दुसऱ्याला चीत करणारा बलवान नव्हे, तर रागात स्वतःला आवरणारा बलवान होय, ही शिकवण सर्वश्रुत आहे. उभे असताना राग आला तर बसावे, तेवढ्याने न शमल्यास आडवे व्हावे, गप्प राहावे, वजू करावा, असे उपाय विविध संग्रहांत येतात. यांपैकी वजूच्या हदीसची परंपरा काही समीक्षकांनी दुर्बल मानली असली तरी व्यवहारात ती सर्वत्र स्वीकारली गेली आहे. शरीराची स्थिती बदलून मनाचा वेग उतरवणे हे या सर्वांमागील समान सूत्र होय. तुहरचे दिवस असल्याने वजू आणि नमाज हे दोन्ही आधार पाळीपूर्व आठवड्यात पूर्णपणे उपलब्ध असतात, ही फिकहच्या मौनाची एक इष्ट बाजू म्हणता येईल.

इमाम गजाली (मृत्यू 1111) यांनी ‘इह्या उलूम अल-दीन’ या ग्रंथात क्रोधावर स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे. राग समूळ नाहीसा करावा असे ते म्हणत नाहीत. ज्याला रागच येत नाही त्यालाही ते अपूर्ण मानतात. राग विवेकाच्या आज्ञेत असावा, हे त्यांचे प्रतिपादन आहे. ‘सबर’ या शब्दाच्या प्रचलित वापरात ही सूक्ष्मता हरवते. सूनबाईने सबर करावा, असे जेव्हा सांगितले जाते तेव्हा बहुतेकदा तिने बोलू नये एवढेच अभिप्रेत असते. एरवी महिनाभर गिळलेली एखादी रास्त तक्रार पाळीपूर्व दिवसांत उसळून बाहेर येते, असेही घडते. त्या वेळी स्वर चढलेला असला तरी तक्रार खोटी ठरत नाही.

अबू जैद अल-बल्खी यांची शिदोरी

पाळीपूर्व अवस्थेसाठी परंपरेतील सर्वांत उपयुक्त ग्रंथ कोणता, असा प्रश्न केल्यास उत्तर अबू जैद अल-बल्खी (मृत्यू 934) यांच्या ‘मसालिह अल-अबदान वल-अनफुस’ या ग्रंथाकडे बोट दाखवते. स्त्रियांविषयी वा पाळीविषयी तो मुद्दाम लिहिलेला नाही. पण शरीर आणि मन यांच्या आरोग्याचा एकत्र विचार करणारा तो दोन भागांचा ग्रंथ आहे. मनाच्या भागात क्रोध, भय, दुःख आणि मनात घोळणारे त्रासदायक विचार यांवर प्रकरणे आहेत. ‘इस्लामी मानसशास्त्र’ या अभ्यासशाखेचे सुदानी प्रणेते मलिक बद्री यांनी त्यातील मनोविषयक भागाचे इंग्रजी भाषांतर 2013 साली प्रसिद्ध केल्यानंतर त्याची नव्याने चर्चा होऊ लागली.

बल्खी दुःखाचे दोन प्रकार करतात. एका दुःखाचे कारण माहीत असते, जसे आप्ताचा वियोग किंवा धनहानी. दुसऱ्या प्रकारात माणूस खिन्न असतो, पण का ते त्याला सांगता येत नाही. हे दुसरे दुःख शरीरातून, रक्ताच्या बिघाडातून उद्भवते, असे ते म्हणतात आणि त्यावर शारीरिक उपचार सुचवतात. जोडीला चांगली सोबत आणि मनाला उभारी देणारे बोलणे. रक्तदोषाची कल्पना आज कालबाह्य झाली आहे. परंतु विनाकारण वाटणाऱ्या दुःखाचा उगम देहात असू शकतो आणि त्याबद्दल रोग्याच्या चारित्र्याला बोल लावायचा नसतो, ही दृष्टी अकराशे वर्षांपूर्वीची आहे.

त्यांची दुसरी सूचना या विषयाला अधिकच लागू पडते. घरात जशी औषधे आधीच आणून ठेवतात, तसे मन शांत असताना हितकर विचारांचा साठा करून ठेवावा, म्हणजे क्षोभाच्या वेळी तो हाताशी येतो. इतर क्षोभ सांगून येत नाहीत. पाळीपूर्व क्षोभ मात्र बऱ्याचदा ठरावीक दिवशी येतो. बल्खींची शिदोरी कोणत्या दिवशी सोडायची हे आधीच ठाऊक असण्याची संधी येथे जितकी आहे तितकी इतर भावविकारांत क्वचितच असेल.

युनानी वैद्यकातही ‘असबाब-ए-सित्ता जरूरिया’ म्हणजे आरोग्याच्या सहा अत्यावश्यक कारणांत मनाची हालचाल व विश्रांती यांना हवा, अन्नपाणी आणि झोप यांच्या बरोबरीने स्थान आहे. महाराष्ट्रात मुंबई, पुणे, मालेगाव येथील युनानी महाविद्यालयांतून ही परंपरा आजही शिकवली जाते. तलबीनाबाबत मात्र थोडा संयम आवश्यक आहे. जवाचे पीठ शिजवून केलेली ही पातळ खीर रुग्णाच्या मनाला आराम देते आणि शोक काहीसा हलका करते, अशी हदीस हजरत आयशा यांनी कथन केली आहे. घरात मृत्यू घडल्यावर त्या ती करवून घेत. तिचा संदर्भ शोकाचा आहे. पौष्टिक आणि सुपाच्य अन्न म्हणून ती जरूर घ्यावी, पण तिला पाळीपूर्व विकाराचे औषध म्हणणे हा हदीसवर लादलेला अर्थ ठरेल.

मोजण्याची सवय

वरील सर्व धागे एका साध्या कृतीत एकत्र येतात, ती म्हणजे दिवस मोजणे. फिकहने मुस्लिम स्त्रीला शतकानुशतके ही सवय लावली आहे. नेहमीचा स्राव किती दिवसांचा, यास ‘आदत’ अशी संज्ञा असून, अनियमित स्रावाच्या वेळी नमाज केव्हा सुरू करायची हे त्या आदतीवरून ठरते. फातिमा बिन्त अबी हुबैश यांनी प्रेषितांपुढे येऊन आपला रक्तस्राव थांबतच नसल्याचे सांगितले, तेव्हा हा हैज नसून शिरेचा विकार आहे, पूर्वी जितके दिवस पाळी असे तितके दिवस नमाज सोडावी आणि नंतर स्नान करून ती सुरू करावी, असे उत्तर त्यांना मिळाले. निसर्गक्रम कोणता आणि आजार कोणता, हा भेद येथे मोजलेल्या दिवसांच्या आधारे केला गेला. मौलाना अशरफ अली थानवी यांच्या ‘बहिश्ती जेवर’ या स्त्रियांसाठीच्या उर्दू ग्रंथामुळे हे मसले दक्षिण आशियातील असंख्य घरांत पोहोचले. दोन महिन्यांच्या तारखा ज्यांना तोंडपाठ सांगता येतात अशा आजी-आज्या त्यातूनच घडल्या.

ही मोजणी आजवर स्राव सुरू झाल्यापासून पुढे चालत आली. तिची सुरुवात सात-आठ दिवस मागे नेणे, एवढाच बदल आवश्यक आहे. नमाजेसाठी ठेवलेल्या त्याच दिनदर्शिकेत झोप, चिडचिड, रडू, एकाग्रता यांची रोज एक-दोन शब्दांत नोंद केली तर दोन चक्रांनंतर वैद्याला हवा असलेला पुरावा तयार होतो. नव्या शास्त्रासाठी नवी शिस्त लावण्याची गरज पडत नाही. आहे ती शिस्त थोडी ताणावी लागते. त्या नोंदीवरून मोठ्या खरेदीचे, भांडणाच्या विषयाचे किंवा पाहुणचाराचे दिवस पुढे-मागे करता येतात. पतीस तारखा माहीत असणे ही लज्जेची बाब मानण्याचे कारण, वर पाहिलेल्या प्रसंगांनंतर, शिल्लक राहत नाही.

स्राव सुरू झाल्यानंतरची एक पोकळीही येथे नोंदवली पाहिजे. ज्या स्त्रीने मागील आठवडा नमाजेच्या आधाराने काढला, तिचा तो आधार ऐन पाळीत सुटतो. हनफी ग्रंथांत यावर एक हळुवार सूचना आहे : नमाजेच्या वेळी वजू करून घरातील नमाजेच्या जागी थोडा वेळ बसावे आणि तसबीह करावी, म्हणजे सवय मोडत नाही. जिक्र आणि दुआ यांना पाळीत कोणत्याही पंथाची मनाई नाही. कुरआन पठणाबाबत मात्र मतभेद आहेत. मालिकी पंथ ते अनुज्ञेय मानतो, इतर तीन पंथांचे प्रचलित मत विरुद्ध आहे.

ईमान आणि आजार

या सर्व विवेचनातील सर्वांत नाजूक प्रश्न तीव्र विकाराचा आहे. त्यात जगणे नकोसे वाटण्यापर्यंत मजल जाऊ शकते. अशा स्त्रीला ‘तुझे ईमान कमजोर आहे, जिक्र वाढव’ असे सांगितले जाते, तेव्हा तिच्या दुःखात पापभावनेची भर पडते. ज्या आयतीत अल्लाहच्या स्मरणाने अंतःकरणे शांत होतात असा आशय आहे, ती आयत अस्वस्थ मनाला अश्रद्ध ठरवण्यासाठी वापरली जाणे हा तिचा विपर्यास होय.

कुरआनच्या एकोणिसाव्या अध्यायातील हजरत मरियम यांचा प्रसंग याबाबत निर्णायक ठरावा. प्रसववेदनेने व्याकूळ होऊन खजुरीच्या बुंध्याशी टेकलेल्या मरियम, याआधीच आपण मेलो असतो आणि विस्मृतीत गेलो असतो तर बरे, असे उद्गार काढतात. कुरआनने ज्यांना निवडलेली स्त्री म्हटले त्यांचे हे उद्गार आहेत. त्यांना उत्तर मिळते ते दुःख करू नकोस असे, आणि त्यासोबत पायाशी वाहता झरा, झाड हलवताच पडणारा ताजा खजूर, तसेच कोणी भेटल्यास आज बोलायचे नाही असे व्रत आहे म्हणून सांगण्याची मुभा. प्रसववेदना आणि पाळीपूर्व अवस्था एक नव्हेत. परंतु देहाच्या पीडेतून आलेल्या निराशेला येथे दोष दिलेला नाही. पाणी, अन्न आणि लोकांच्या प्रश्नांपासून सुटका देण्यात आली आहे.

औषधोपचार करावा, प्रत्येक रोगाला वार्धक्याखेरीज औषध आहे, या आशयाची हदीस अबू दाऊद आणि तिरमिजी यांच्या संग्रहांत आहे. तीव्र पाळीपूर्व विकारात सेरोटोनिनवर काम करणारी नैराश्यविरोधी औषधे गुणकारी ठरली असून काही स्त्रियांना ती केवळ पाळीपूर्व पंधरवड्यातच घ्यावी लागतात. दिवसातून एकदा घ्यावयाची असल्याने रमजानमध्ये ती सहरी वा इफ्तारच्या वेळी घेता येतात. वेळ बदलण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. आजार इतका तीव्र असेल की उपवासाने तो बळावेल, तर दुसऱ्या अध्यायातील 184 आणि 185 या आयतींनी रुग्णाला दिलेली सवलत मानसिक आजारालाही लागू करता येते, फक्त त्यासाठी जाणकार वैद्याचा निर्वाळा लागतो. तो निर्वाळा मिळवायचा तर प्रश्न विचारला गेला पाहिजे, आणि अडचण तेथेच आहे. नमाजेचा मसला नसल्यामुळे पाळीपूर्व दिवसांचा प्रश्न मौलवींपर्यंत जात नाही. लज्जेमुळे तो डॉक्टरांपर्यंतही जात नाही. धर्माचे प्रश्न विचारताना लज्जा आड येऊ दिली नाही, म्हणून हजरत आयशा यांनी मदीनेतील अन्सारी स्त्रियांची वाखाणणी केली होती. त्यांनी विचारलेले प्रश्न स्नानाचे, स्रावाचे, कापसाच्या बोळ्याने रक्ताचा माग कसा पुसावा इथपर्यंतचे होते. सहीह मुस्लिममध्ये ते प्रश्न उत्तरांसह आजही वाचावयास मिळतात.